सबप्रोसेस: कामाला चोख, बोलायला कंजूष

पायथनमधून दुसरे प्रोग्राम चालवायचं सबप्रोसेस हे मॉड्यूल 2004 पासून, म्हणजे पायथन 2.4 पासून आहे, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. जुन्या भाषणांच्या रेकॉर्डिंगचं रूपांतर करायला गेले कित्येक महिने रोज वापरतोय. परवा रात्री लावलेली स्क्रिप्ट सकाळी जागच्या जागी लटकलेली सापडली. वैताग ताजा आहे, म्हणून आजच लिहितोय.

लटकण्याचं कारण सरळ आहे. एफएफएमपेग, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्राम, आपली सगळी बडबड स्टँडर्ड एररवर (चुका-सूचनांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) ओततो. आमच्याकडे आधी कुणीतरी पीओपनने प्रोग्राम सुरू करून, दोन्ही आउटपुटना पाइप (पायथनपर्यंत मजकूर आणणारी नळी) लावून नुसतं वेट(), म्हणजे तो संपेपर्यंत थांब, असं लिहून ठेवलेलं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतं. ते भरलं की एफएफएमपेग लिहायला जागा होण्याची वाट बघतो आणि पायथन एफएफएमपेग संपण्याची. छोट्या फायली सुटतात, दीड तासाचं भाषण आलं की ठप्प. रन() आतून कम्युनिकेट() वापरतं, जे वाट बघतानाच पाइप रिकामे करत राहतं; ते लावल्यावर प्रश्न मिटला. डॉक्युमेंटेशनमध्ये हा इशारा स्पष्ट दिलाय, तेव्हा त्याचे गुण कापत नाही.

माझा खरा राग चेक=ट्रूवर आहे, म्हणजे कमांड फसली तर एक्सेप्शन (पायथनची एरर) फेक असं सांगणाऱ्या पर्यायावर. कमांड फसली की एक्सेप्शन काय सांगतं? अख्खी कमांड, आणि 'एक्झिट स्टेटस 1'. बस्स. का फसली ते, म्हणजे पकडलेलं स्टँडर्ड एरर, एक्सेप्शनच्या ई.एसटीडीएररमध्ये लपवून ठेवलेलं. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या मेलमध्ये हातभर ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याची यादी) येतो, पण 'फाइल सापडली नाही' एवढी एक कामाची ओळ येत नाही! प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्यासाठी तीच ट्राय-एक्सेप्टची टाचणी मारायची.

हे लिहिता लिहिता एक करून पाहिलं: स्टँडर्ड एरर पकडायचंच नाही. दोन्ही आउटपुट पकडणारं कॅप्चर_आउटपुट काढलं, फक्त स्टँडर्ड आउटपुटला पाइप ठेवला आणि एफएफएमपेगला लॉगलेव्हल एरर दिला, म्हणजे फक्त चुकाच सांग. आता नेमकी चूक आपोआप क्रॉनच्या मेलमध्ये येते. म्हणजे निम्मा राग गेला. तरी शेवटच्या चार ओळी छापायला काय पैसे पडत होते?

कौतुकही सांगतो. कमांड यादी म्हणून दिली की मध्ये शेल (बॅशसारखा, कमांडची ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम) नाही. 'भाषण 3 (उत्तरार्ध).वेव्ह' असं नाव, त्यात स्पेस, कंस, देवनागरी, तरी एकही कोट न लावता बिनबोभाट जातं. बॅशमध्ये याच कंसांनी जीव खाल्ला होता. फाइलची माहिती सांगणाऱ्या एफएफप्रोबकडून ती जेसन या ठरीव साच्यात मागवून घेतो, कॉलम मोजत बसावं लागत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट मात्र देवनागरी नाव पाइपमध्येही \340\244\256 असं काढतो (हा बिचारा 'म'). गिट स्टेटसला -झेड दिलं की नाव नीट मिळतं. तो दोष सबप्रोसेसचा नाही. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही की तो 1 परत करतो आणि चेक=ट्रू बोंब ठोकतं, तेही ग्रेपच्याच खाती.

याच कामासाठी बाहेरच्या लायब्रऱ्या आहेत. पण प्रत्येक सर्व्हरवर त्या टाका, अपडेट करा, हा उपद्व्याप मला नको. पायथनबरोबर आलेलं आहे, तेच वापरणार.

पाचपैकी साडेतीन. एक त्या मुक्या एक्सेप्शनचा कापला. अर्धा टाइमआउटचा (ठरल्या वेळेत न संपलेली कमांड मारण्याचा): शेल=ट्रू करून, म्हणजे शेलमार्फत, एकमेकांना जोडलेल्या कमांडची पाइपलाइन चालवली असेल तर टाइमआउट फक्त शेलला मारतो, आतला एफएफएमपेग खुशाल सीपीयू खात बसतो.