पंजाएवढा कोळी आणि जळगावची कीडनियंत्रण सेवा : एक अभिप्राय

केळीच्या बागांना लागून असलेल्या घरात हाताच्या पंजाएवढा कोळी निघाल्यावर फवारणीवाल्यांना बोलवावे का, हा प्रश्न रावेर-यावल पट्ट्यातील अनेकांना पडत असेल, म्हणून आमच्या फैजपूरच्या घरी जळगावहून मागवलेल्या एका सेवेविषयी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण फोनवर बोलणारे गृहस्थ आणि प्रत्यक्ष घरी आलेला कारागीर यांच्यात इतके अंतर होते की दोघांना एकाच नावाखाली गुण देणे अवघड आहे.

फोनवरच्या गृहस्थांनी छायाचित्रसुद्धा न मागता हा टॅरँटुला असल्याचे, तो अत्यंत विषारी असल्याचे सांगितले आणि संपूर्ण घराच्या फवारणीचे २,४०० रुपये सांगून ते मोकळे झाले. घरात रांगते मूल असलेला माणूस अशा वेळी घासाघीस करत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक असावे.

घरी आलेल्या मुलाने मात्र पंप खाली ठेवून आधी बॅटरीच्या उजेडात कोळी नीट पाहिला. चपटे तपकिरी अंग, तोंडावर फिकट पट्टा, खेकड्यासारखे आडवे पळणे आणि आसपास जाळ्याचा मागमूस नसणे, एवढ्यावरून त्याने ओळख पटवली. शास्त्रीय भाषेत ‘हेटेरोपोडा व्हेनाटोरिया’ म्हटला जाणारा हा कोळी जगभरच्या उष्ण प्रदेशांत घरांमध्ये आढळतो, आणि केळीच्या घडांबरोबर बोटींतून दूरदूरच्या बंदरांवर उतरत राहिल्याने त्याला केळ्यांचा कोळी असेही म्हणतात. तेव्हा आमच्या भागात तो दिसावा यात नवल नाही. टॅरँटुला अंगाने जाड आणि केसाळ असतो, हा तसा नव्हे. हा जाळे विणत नाही, रात्री फिरून शिकार करतो, आणि झुरळ हे त्याचे आवडते खाद्य. पकडायला गेल्यास तो चावू शकतो व ते दुखते, पण माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो.

“भाऊ, कोळी मारून काय होणार? तुमच्याकडे झुरळं आहेत, म्हणून तो आला,” असे म्हणून त्याने कोळ्यावर फवारा मारण्यास चक्क नकार दिला. कोळ्याच्या पोटाखाली अंड्यांची चपटी, गोल पिशवी होती, म्हणजे ती मादी होती. ती त्याने रुंद तोंडाच्या बरणीत अलगद घेतली, बरणीखाली पुठ्ठा सरकवला आणि मागच्या बांधावरील केळीच्या खोडांच्या ढिगाऱ्यात सोडून दिली. आमच्या आईंचा जीव त्यानंतरच भांड्यात पडला.

खरे काम पुढे झाले. फ्रिजच्या मोटरीमागे, ओट्याच्या बिजागऱ्यांजवळ आणि सिलिंडरच्या कोपऱ्यात त्याने झुरळांच्या जेलचे, म्हणजे विषारी आमिषाचे, बारीक ठिपके दिले, व औषधाची फवारणी केवळ मोरीच्या आणि बाहेरच्या गटारापुरती ठेवली. जेलच्या जागीच फवारणी केल्यास तिच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत, हे कारणही त्याने दिले. जमिनीवर मारलेले औषध कोळ्यांवर तसेही कमीच चालते, कारण ते पायांच्या टोकांवर चालतात आणि अंग टेकवत नाहीत.

उणीव एक, आणि ती लहान नाही. स्वयंपाकघर मोकळे करून ठेवण्याची सूचना आधी कोणीही दिली नव्हती, त्यामुळे बिबड्या-कुरडयांचे डबे ऐन वेळी ओसरीत हलवताना घरातल्या सर्वांची धांदल उडाली. ज्यांच्याकडे माशांची टाकी आहे त्यांनी तर आधीच विचारून घ्यावे, कारण या फवारण्यांतील पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना घातक असतात.

संपूर्ण फवारणी न झाल्याने शेवटी १,१०० रुपयेच घेतले गेले आणि झुरळे स्पष्टपणे कमी झाली. कामाला पाचपैकी चार गुण, फोनवरच्या वागणुकीला एक. बोलवायचे असल्यास कोळ्याचे छायाचित्र आधी पाठवावे आणि केवळ झुरळांच्या जेलचा दर वेगळा विचारावा. तो दर ते स्वतःहून सांगत नाहीत.