विमानाचा भाव लॉक करून ठेवायची फी: वर्षभर वापरून काय वाटलं

तिकिटाचा भाव दोन दिवस थांबवायला वेगळे पैसे मोजायचे, हे आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, विसार बुडायचाच असेल तर द्यायचा कशाला? मी मात्र वर्ष होत आलं हे वापरतेय आणि माझं मत असं झालंय की फी स्वस्त का महाग हा प्रश्नच नाही, आपण नक्की कोणाच्या उत्तरासाठी थांबलोय ते माहीत असेल तरच ही फी भरावी.

मी जास्त करून एअर इंडियाचं फेअर लॉक वापरलं. 2024 मध्ये ते सुरू झालं तेव्हा फी अशी होती, देशातल्या देशात 500, जवळच्या परदेशाला 850 आणि लांबच्या परदेशाला 1500 रुपये, तेही माणशी. भाव 48 तास तोच राहतो, प्रवास किमान 10 दिवस पुढचा पाहिजे, आणि फी परत मिळत नाही. माणशी हा शब्द नीट वाचा. एकट्यासाठी 500 म्हणजे काही नाही वाटत, पण आमच्यासारखं सहा जणांचं लटांबर निघालं की 3000 रुपये नुसते थांबायचे झाले, तेवढ्यात सगळ्यांचं मुंबईतलं टॅक्सीभाडं आणि नाश्तापाणी निघतं.

तरी काशीच्या वेळी मी ते भरले. आपलं सोलापूरकरांचं दुखणं वेगळंय, विमानाच्या आधी रेल्वे जमावी लागते. आता सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झालंय 2025 च्या ऑक्टोबरपासून, पण सहा जणांनी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमधे झोपून जायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं हेच आमच्या खिशाला परवडतं. आणि रेल्वेचं रिझर्वेशन प्रवासाच्या 120 दिवस आधी उघडायचं, ते नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आणलंय. विमानाची तिकिटं त्याच्या कितीतरी आधीपासून विकायला असतात. म्हणजे मुंबई-वाराणसीचा चांगला भाव समोर दिसतोय आणि सिद्धेश्वरचं बुकिंग परवा सकाळी आठला उघडणार, अशी गत. विमान आधी काढलं आणि सिद्धेश्वर वेटिंगला गेली तर सासूबाईंना रात्रभर बसमधे बसवून न्यायचं का? त्यात भाऊजींची रजा.

"भाऊजी, तारीख पक्की ना?"
"वहिनी, साहेब परवा येणारेत, आले की विचारतो."
"म्हणजे परवा नक्की कळंल?"
"परवा म्हणजे परवा."

अशा वेळी लॉक सोन्यासारखं. दोन्ही उत्तरं 48 तासांच्या आत येणार होती. तिसऱ्या दिवशी असती तर मी एक रुपया भरला नसता. सकाळी आठला रेल्वे कन्फर्म, दुपारी भाऊजींचा फोन, संध्याकाळी विमानाचे पैसे भरून मोकळे. मधल्या काळात त्याच विमानाचा भाव माणशी हजाराच्या आसपास चढला होता, त्यामुळं 3000 वसूल झाले. पण दरवेळी चढतो असं काही नाही. पुण्याहून दिल्लीचं लॉक केलं होतं तेव्हा भाव उलट उतरला, मग लॉक सोडून दिलं आणि नवीन भावात तिकीट काढलं, फी गेली तरी वर थोडे वाचले. म्हणून पैसे भरायच्या आधी आजचा भाव एकदा उघडून बघायचाच, लॉक केलंय म्हणून तेच घ्यायची सक्ती नसते.

भाचीच्या जर्मनीच्या वेळी हिशोब अगदी सोपा होता. 55-60 हजाराच्या तिकिटावर 1500 म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत, आणि तिच्याबरोबरची मैत्रीण त्याच विमानाने येणार का नाही हे एका दिवसात कळणार होतं. पण व्हिसा यायचाय म्हणून कोणी लॉक करत असेल तर नका करू, व्हिसा 48 तासांत येत नसतो.

आता तक्रार. एका बुकिंग अ‍ॅपवर (नाव नाही घेत) प्राइस लॉक घेतलं, फी कमी दिसली म्हणून. तिथं सीट धरलेली नसते, भाव वाढला तर फरक ते भरतात, तोही ठराविक रकमेपर्यंत, आणि ती मर्यादा फीच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक टायपात, तीही अजून एकदा दाबल्यावर उघडणारी. भाव मर्यादेच्या वर गेला, वरचे पैसे माझ्या खिशातून. कस्टमर केअरवाला दरवेळी "मॅडम अटींमध्ये लिहिलंय" एवढंच. शिवाय शेवटी पैसे भरताना कार्डाची ऑफर लागली नाही, ती लागली असती तर साधं तिकीटच स्वस्त पडलं असतं. त्या अ‍ॅपला पाचात एक स्टार, तोही फी वेळेवर कापल्याबद्दल.

आणि एक, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम वाचून ठेवा. प्रवासाची तारीख पुरेशी लांब असेल तर बुकिंग केल्यावर ठराविक तासांत कॅन्सलेशन चार्ज न लावता तिकीट रद्द करता येतं, मी वाचला तेव्हा 24 तास होते आणि देशातल्या प्रवासाला विमान किमान 7 दिवस लांब पाहिजे अशी अट होती. म्हणजे उत्तर उद्याच येणार असेल तर लॉक कशाला, सरळ तिकीट काढा, नाही जमलं तर रद्द करा. फक्त पूर्ण पैसे आधी अडकतात आणि रिफंड यायला दिवस लागतात. सहा जणांचे चाळीसेक हजार महिनाअखेरीला अडकवायची आमची तयारी नसते, म्हणून तेव्हा लॉक. एक-दोघांचं असलं की मी आता हीच फुकटची वाट धरते, आणि एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवरूनच काढते, कारण एजंट अ‍ॅपची सर्व्हिस फी परत मिळवताना नाकी नऊ येतात.

48 तास म्हणजे ज्या मिनिटाला फी भरली तिथून, दुसऱ्या दिवसाच्या रात्री बारापर्यंत नाही. मी त्यामुळं आता रात्री अकराला कधी लॉक करत नाही, सकाळी दहाच्या सुमारास करते, म्हणजे मुदत संपते तेव्हा आपण जागे असतो आणि बँकेचा ओटीपी नाहीच आला तर कोणाला तरी फोन करता येतो.