जुन्या कन्व्हर्टिबलचं हूड: व्हिनाइल की कापडी?

घरीच हूड, म्हणजे गाडीचं घडी होणारं मऊ छप्पर, बदलायला घेतलं की गाडी इथेच अडते. व्हिनाइल (प्लास्टिकचाच प्रकार) स्वस्त, ओल्या फडक्याने पुसलं की झालं, आणि उन्हात थोडं तापू दिलं की मऊ पडून फ्रेमवर मस्त ताणलं जातं, थंडीत मात्र बसवायला अजिबात घेऊ नका. पण घडीच्या जागी कधी ना कधी चिरा पडतातच. कापडी चांगलंच महाग, मध्ये रबराचा थर असतो, टिकतंही जास्त, फक्त ब्रशने झाडत राहायचं, अधूनमधून वॉटरप्रूफिंग स्प्रे, आणि पक्ष्यांची घाण लगेच काढायची (हे कुणी सांगत नाही). बसवताना माप चुकलं तर ताणून निभत नाही.

पहिल्यांदाच करताय किंवा एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश गाडी कंपनीतून आली तशीच हवीय तर व्हिनाइल घ्या, भरपूर चालवायची असेल तर कापडी.