कर्मचारी फाईली डिजिटल केल्या, वर्ष होत आलं : स्कॅनिंगमधलं ते ‘कोरं पान गाळा’ सेटिंग आधी बंद करा

आमची शिक्षण संस्था जळगाव जिल्ह्यातली, शाळा बऱ्याच, आणि सगळ्या स्टाफच्या वैयक्तिक फाईली नि सेवापुस्तकं हेड ऑफिसच्या कपाटात. वाळवी लागायला लागली तेव्हा संस्थेने एका एजन्सीला स्कॅनिंग आणि सॉफ्टवेअर असं सगळंच दिलं. डीपीआय (स्कॅन किती बारीक घेतलाय ते), पीडीएफ वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सांगत नाही. मी ऑफिसला हेडक्लार्क, रोज वापर माझाच.

पहिले काही महिने मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. शाळेतून फोन आला की अमुक सरांचं जात वैधता प्रमाणपत्र पाठवा, तर पूर्वी अर्धा दिवस धुळीत जायचा, आता चहा संपायच्या आत पाठवून मोकळा. आपल्याकडे अर्धा स्टाफ पाटील, त्यात नाव-वडिलांचं नाव पण सेम निघतं, म्हणून आडनावावर शोध ठेवूच नका, शालार्थ आयडीवर (सरकारी पगार प्रणालीतला प्रत्येकाचा वेगळा नंबर) ठेवा. ओसीआरच्या (स्कॅनमधली अक्षरं सॉफ्टवेअरने वाचायची सोय) नादाला पण लागू नका, डेमोत छापील कागद दाखवतात, आपलं सेवापुस्तक हाताने लिहिलेलं, त्यातली एक ओळ नीट वाचता येत नाही त्याला.

मग जुन्या पेन्शनचं प्रकरण आलं. एका सरांचा प्रस्ताव जायचा होता. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेला माणूस नव्या योजनेत, आधीचा असेल तर जुनी मागता येते, म्हणजे सगळा खेळ तारखेचा. सर म्हणे माझ्या रुजू अहवालाच्या मागे ऑक्टोबरचा आवक शिक्का आहे. मी स्कॅन उघडला तर पुढची बाजू आहे, मागची नाहीच. म्हटलं सरांचा गैरसमज असेल. शिपायाने गठ्ठा सोडला, कागद उलटा केला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, हाई पान कोरं नही शे, शिक्का शे ना!” जांभळा, फिकट, पण तारीख स्पष्ट.

कारण काय, तर आमच्या सचिव अण्णासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की दर इमेजवर (कागदाची एक बाजू म्हणजे एक इमेज) आहे तर कोऱ्या पानाचे पैसे कशाला मोजायचे. एजन्सीने लगेच ‘कोरं पान गाळा’ चालू केलं. ते सॉफ्टवेअर पानावर काळं किती आहे ते बघतं, ठरलेल्या मर्यादेच्या खाली असलं की पान कोरं समजून फेकतं. त्यात स्कॅन ब्लॅक अँड व्हाईट, म्हणजे जांभळा शिक्का आणखी उडतो. आता आपल्या ऑफिसात कागदाच्या मागे दुसरं असतं काय? आवक शिक्का, जावक नंबर, साहेबांची छोटी सही! कामाचं सगळं मागेच असतं ना भो. पैसे वाचले किती, तर पाठकोऱ्या पानांचे फुटकळ, आणि दुसऱ्यांदा स्कॅनचं कोटेशन आलं ते बघून अण्णासाहेब दोन दिवस ऑफिसात आले नाहीत.

एजन्सीशी भांडण झालंच. त्यांनी अण्णासाहेबांचा ईमेल पुढे केला, मी म्हटलं सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करता येते हे तुम्ही सांगायला पाहिजे होतं, धंदा तुमचा आहे. शेवटी अर्ध्या दराने करून द्यायचं ठरलं. कुठली पानं उडाली ते शोधायला एक युक्ती सापडली, दोन्ही बाजू स्कॅन केल्यात म्हणजे इमेजचा आकडा सम यायला पाहिजे, विषम आला की त्या फाईलमधून पान गेलं. पण दोन पानं गेली तर आकडा परत सम, म्हणून शेवटी गठ्ठ्यातले कागद मोजून दुप्पट करून ताळा घेतला. आता ३०० डीपीआय, कलर, कोरं पान पण स्कॅन. साईज वाढते, वाढू द्या, दुसऱ्यांदा स्कॅन करण्यापेक्षा हार्डडिस्क स्वस्त पडते.

इथवर वाचून वाटेल की घेऊच नका म्हणतोय, तसं नाही. त्याच भांडणात मी लॉग काढला, कोणी कुठली फाईल कधी उघडली ते त्यात येतं, तर एका शाळेचे मुख्याध्यापक दुसऱ्या शाळेतल्या मॅडमची फाईल रात्री बघत होते. कपाट असताना हे कळलंच नसतं. त्या दिवसापासून ज्याला त्याला आपापल्या शाळेपुरतंच दिसतं, एक लॉगिन सगळ्यांना देणं बंद, आणि बाहेर जाणाऱ्या आधारच्या प्रतीचे पहिले ८ आकडे झाकतो. बॅकअपची एक डिस्क दुसऱ्या गावच्या शाळेत, एन्क्रिप्ट करून, पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांच्या तिजोरीत. मे महिन्यात आमच्या ऑफिसात ४४-४५ तापमानाला सर्व्हर दोनदा बंद पडला होता, तेव्हा ती डिस्क कामाला आली.

कागद रद्दीत घालू का असं अण्णासाहेब अजून विचारतात. नाही. सेवापुस्तक मूळच लागतं, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर नुसती पीडीएफ चालत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलचा हॅश (फाईलवरून निघणारा ठशासारखा आकडा, फाईल जरा बदलली तरी तो बदलतो) लिहावा लागतो. आमच्या एजन्सीला हॅश म्हणजे काय हेच आधी माहीत नव्हतं, आता अहवालात देतात.

पुढच्या वर्षाचं एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल टेबलावर पडून आहे. ते ‘कोरं पान’वालं सेटिंग आमच्या पासवर्डशिवाय बदलता येणार नाही असं करून द्या, मग सही करतो, असं कळवलंय. उत्तर आलेलं नाही.