६० वॉटची ग्लू गन: रुखवताच्या मोसमानंतरचा अनुभव

दिवाळीत आकाशकंदिलासाठी ही ग्लू गन घेतली. तुळशीची लग्नं उरकली, लग्नसराई सुरू झाली आणि तेव्हापासून तिला उसंत नाही. मी घरूनच रुखवताच्या ऑर्डरी घेते. सुपारीची सप्तपदी, सजवलेले नारळ, खणाचे करंडे, बैलगाडी, वृंदावन असं बरंच काही असतं. एवढ्या वापरानंतर लिहितेय.

आधी माझ्याकडे २० वॉटची छोटी गन होती, गोंदाच्या ७ मिलिमीटरच्या कांड्यांची. नारळाभोवती लेस फिरवायची तर शेवटच्या टोकापर्यंत पोचेतो सुरुवातीचा गोंद थिजलेला असायचा. या गनला ११ मिलिमीटरची कांडी लागते. ती पाचेक मिनिटांत तापते आणि धार तुटत नाही. नारळाची लेस आता एका फेरीत बसते, सांधा दिसत नाही. पैसे वसूल व्हायला मला एवढं पुरे आहे.

सुपारीचं काम मात्र बेतानं करावं लागतं. सुपारी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवायची, बूड पॉलिश पेपरवर घासून सपाट करायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढाच थेंब सोडून दाबून धरायची. थेंब मोठा झाला की गोंद बाजूनं बाहेर येतो. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली तो चकाकतो आणि सुपारीच्या नवरा-नवरीच्या शालू-शेल्याआधी नजर तिथेच जाते. माझं ठाम मत आहे की गरम गोंद आधारासाठी वापरावा, दिसणाऱ्या कडेला कधीही नाही. खणावर तर मुळीच नको. तो कापडात झिरपतो, थंड झाल्यावर तिथे काळपट, कडक डाग उरतो आणि खणाची झळाळी जाते. मी खण पुठ्ठ्यावरून मागे दुमडून मागच्या बाजूनं चिकटवते. पुढच्या काठाला सुईदोराच. वेळ लागतो, पण वस्तू हातात घेऊन बघणाऱ्याला फरक कळतो.

कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सुटतात, ते कुठल्याही गनला चुकत नाहीत. सगळं काम झाल्यावर हेअर ड्रायर लांबून फिरवला की ते आक्रसून जातात. मोत्यांच्या कामाला ड्रायर जपून वापरा, मोती सैल होतात. आरसे आणि काच या गोंदाला नीट धरत नाहीत, नखानं उचकटलं तरी निघतात. थर्मोकोल तर गरम गोंदानं वितळतोच. तसंही सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे बैठक एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) किंवा जाड पुठ्ठ्याची करते.

या गनमधल्या दोन गोष्टी खटकतात. तारेचा स्टँड फार आखूड आहे, वायरच्या ओढीनं गन आडवी होते. खाली जुनी फरशी ठेवा, गोंद ठिबकतोच. दुसरं म्हणजे आता ट्रिगर सैल पडलाय. कांडी संपत आली की घसरते, मागून दुसरी ढकलावी लागते. गोंद हाताला लागला तर ओढून काढू नका, सालटं निघतं. आधी गार पाण्याच्या धारेखाली हात धरा.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत हा गोंद मऊ पडतो. रुखवत सकाळी लवकर न्यावं, नारळ आणि करंडे खोक्यात उभे आणि सुटे ठेवावेत. मांडताना मागे खोकी ठेवून उंची द्यावी, वर एकाच रंगाचं सुती कापड टाकावं, भरजरी नको, नाहीतर वस्तू त्यात हरवतात. सप्तपदी सगळ्यांत पुढे ठेवावी, कारण लोक वाकून तीच बघतात. प्रत्येक पावलाशी त्याचं वचन हातानं लिहून ठेवलं तर विहिणी थांबून वाचतात. दोन वस्तूंत वीतभर जागा हवी. टेबल भरलेलं दिसावं म्हणून दाटी केली की एकही वस्तू डोळ्यांत भरत नाही.

राख्या किंवा क्विलिंगसाठी (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीसाठी) हवी असेल तर २० वॉटचीच घ्या, या गनची धार तिथे जड पडते. नारळ, करंडे, तोरणं करणाऱ्यांनी ६० वॉटची घ्यावी, फक्त वेगळं चालू-बंद बटण असलेली बघून.