सोसायटीचा एसटीपी बदलताना: एमबीआर घ्यावा की जुनाच प्लांट नीट करावा?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आता बदलायला आला आहे. तो एमबीबीआर पद्धतीचा आहे. कमिटीसमोर तीन कोटेशनं आहेत: जुन्याची डागडुजी करून पुढे अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिबारीक छिद्रांतून पाणी गाळणं) जोडायचं, एसबीआर करायचा, किंवा सरळ एमबीआर. या पद्धती काय आहेत ते पुढे येतंच. हे काम मी अंगावर घेतलं आणि ठाण्यात, नवी मुंबईत ज्यांनी ज्यांनी प्लांट दाखवला त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरून आलो. तुमच्याकडेही हाच प्रश्न असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

आधी हिशोब. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशचं. ३०० घरं आणि घरटी चार माणसं धरली तर वापर १,६२,००० लिटर आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे १,३०,००० लिटर सांडपाणी. फ्लशला मात्र ५४,००० लिटरच लागतात. बाग आणि गाड्या धुणं धरूनही बरंच पाणी उरतं, ते गटारात जातं, आणि मे महिन्यात आपण टँकर मागवतो. मला हे मनापासून खुपतं. म्हणून मशीन निवडण्याआधी पाणी कुठे कुठे वापरणार ते कागदावर लिहा.

तिन्ही पद्धतींत घाण खाणारे जिवाणू आणि त्यांना हवा देणारे ब्लोअर असतातच. फरक पडतो तो नंतर, जिवाणूंचा गाळ पाण्यापासून वेगळा करताना. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्यांवर वाढतात, सुटलेला गाळ ट्यूब सेटलरमध्ये बसतो आणि वरचं पाणी वाळूच्या व कार्बनच्या फिल्टरमधून जातं. एसबीआरमध्ये एकाच टाकीत पाणी भरणं, हवा देणं, निवळू देणं आणि वरचं पाणी काढणं हे आळीपाळीने चालतं. नवी मुंबई महापालिकेची सी-टेक नावाची सांडपाणी केंद्रं याच जातीची. ऐरोली आणि कोपरखैरण्याला त्यापुढे आणखी एक टप्पा उभारला आहे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी देण्यासाठी. मोठ्या जागेत एसबीआर उत्तम चालतो. आमच्या ठेंगण्या बेसमेंटमध्ये पाण्याची पातळी खालीवर होऊ द्यायला वावच नाही, त्यामुळे तो पर्याय मी लवकर बाजूला ठेवला.

एमबीआर गाळ बसायची वाट बघत नाही. टाकीतच मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांचे गाळणारे पडदे किंवा पोकळ दोरे, बुडवलेले असतात आणि पंप त्यांच्यातून पाणी ओढून घेतो. छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे गाळ आणि बहुतेक जिवाणू अलीकडच्या बाजूलाच अडकतात. मेम्ब्रेन टाकीत बुडवायची ही कल्पना १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो यांनी मांडली. त्याआधी गाळाचं पाणी बाहेरच्या मेम्ब्रेनमधून जोराने फिरवावं लागे आणि वीज फार जाई.

आमच्या जुन्या प्लांटमध्ये गाळ नीट बसला नाही की तो फिल्टरमध्ये जायचा, फिल्टर चोंदायचा आणि दोन दिवसांत फ्लशच्या टाक्यांना काळी बुळबुळी आणि वास. देखभाल करणारा ठेकेदार प्रत्येक वेळी वाळू बदलायचा, मूळ दुखणं तसंच. एमबीआरमध्ये गाळ फुगून खाली बसेनासा झाला तरी मेम्ब्रेन शाबूत असेपर्यंत तो पलीकडे जात नाही. पाण्याचा गढूळपणा एक एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत राहतो. शिवाय टाकीत गाळ दाट ठेवता येतो: नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम, इथे आठ ते बारा. सेटलर आणि वाळूच्या फिल्टरची जागाही सुटते. ज्यांना पार्किंगची एक जागाही सोडता येत नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा फार मोठा आहे.

आता त्रास. सगळ्यात मोठा शत्रू केस. मेम्ब्रेनच्या पोकळ दोऱ्यांभोवती ते वेणीसारखे गुंफले जातात. एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी आधी नसेल तर एमबीआर घेऊच नका. दुसरं तेल. दिवाळीत फराळ तळून उरलेलं तेल सिंकमध्ये गेलं तर मेम्ब्रेनवर थर चढतो. तिसरं, मेम्ब्रेनमधून ठरावीकच पाणी ओढता येतं. सकाळी सहा ते नऊची गर्दी, जुलैत चेंबरमधून शिरणारं पावसाचं पाणी, हे सगळं थोपवायला आधीची साठवण टाकी मोठी लागते. एमबीबीआरमधून तेच पाणी निघून जातं, पण घाण तशीच राहून.

विजेचा भारही जास्त, कारण जिवाणूंना हवा द्यायची ती वेगळी आणि मेम्ब्रेन घासून निघावेत म्हणून सोडायची ती वेगळी. मोठ्या प्रकल्पांत हजार लिटरमागे ०.६ ते १ युनिट लागतं, सोसायटीच्या आकाराला त्याहून अधिक धरा. मेम्ब्रेन नीट सांभाळले तर पाच ते आठ वर्षं टिकतात. धुवायला हायपोक्लोराइट आणि सायट्रिक ॲसिड वापरतात. ही दोन्ही एकत्र झाली तर क्लोरिन वायू सुटतो आणि बेसमेंटमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो, हे ऑपरेटरला शिकवलेलंच असलं पाहिजे.

एमबीआरने सगळंच जातं असंही नाही. विरघळलेले क्षार तसेच राहतात, होळीचा विरघळलेला रंगही बऱ्याच अंशी पलीकडे येतो, आणि साठवलेल्या पाण्यात क्लोरिन घालावंच लागतं.

पाणी फक्त बागेला जाणार, जागा मोकळी आहे आणि जुन्या टाक्या भक्कम आहेत, तर एमबीबीआर दुरुस्त करून अल्ट्राफिल्ट्रेशन जोडा. उगाच खर्चात पडू नका. पाणी प्रत्येक फ्लॅटच्या फ्लशला जाणार असेल, उरलेलं शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या कूलिंग टॉवरला द्यायचं असेल (क्षार तपासून), किंवा त्याच टाकीत जास्त पाणी बसवायचं असेल, तर एमबीआर.

आमच्या जनरल बॉडीत मी एमबीआरच सुचवणार आहे, दोन अटींवर. मेम्ब्रेन बदलण्याची किंमत कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्यायची आणि दरवर्षी तिचा सहावा हिस्सा बाजूला टाकायचा. आणि ऑपरेटरने पंपाच्या ओढीचा दाब रोज वहीत लिहायचा (तो वाढत गेला की मेम्ब्रेन चोंदताहेत हे कळतं), ती वही कमिटीतल्या कुणीतरी दर रविवारी खाली जाऊन बघायची. पहिल्या वर्षाचे रविवार मी घेतले आहेत.