सणांची एम्ब्रॉयडरी डिझाईन्स आठ महिने वापरली, काय चाललं आणि काय फसलं

मागच्या जुलैपासून, म्हणजे २०२५ च्या गणपतीच्या आधीपासून मी घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर सणांची डिझाईन्स काढून वस्तू विकतेय. तोरणं, चौरंगावरची आसनं, नैवेद्याच्या ताटावर झाकायचे रुमाल, हळदीकुंकवाच्या वाणाचे पाऊच, बोरन्हाणाची झबली. मशीन एका सुईचं आहे, मोठी फ्रेम १३० बाय १८० मिलिमीटरची, आणि डिझाईन्स जवळजवळ सगळी विकतची, थोडी बाहेरच्या साइटवरून घेतलेली आणि थोडी आपल्याकडच्या डिजिटायझिंग करणाऱ्यांकडून, म्हणजे चित्रावरून मशीनला वाचता येणारी टाक्यांची फाईल बनवून देणाऱ्यांकडून. आता संक्रांतही पार पडली, म्हटलं नीट लिहून काढावं, सुरू करताना मला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

घेऊन पस्तावले नाहीये हे आधीच सांगते. पण घेतलेल्या ४३ डिझाईन्सपैकी पैसे वसूल झाले ते १२ चे, आणि ती बाराच्या बारा छोटी, कमी टाक्यांची आणि त्यावर सणाचं नाव न लिहिलेली आहेत. कमळ, कोयरी, पणती, मोर, लक्ष्मीची पावलं. 'शुभ दीपावली' लिहिलेले ९ रुमाल भाऊबीज झाल्यावर तसेच पडून आहेत, आणि तेच कापड, तीच लेस पण नुसती पणती असलेले रुमाल तुळशीच्या लग्नालाही गेले आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांनाही. साल तर चुकूनसुद्धा घालू नका.

सगळ्यात महागात पडला तो गणपती. स्क्रीनवर बघून जीवच जडला होता त्या डिझाईनवर, १०० मिलिमीटरमध्ये ३१ हजार टाके आणि १४ रंग. एका सुईच्या मशीनवर १४ वेळा दोरा बदलायचा, एक नग दीड तास. ते पण चाललं असतं, पण मी तो खणावर काढला, आणि खण मुळात हलका, इतका भरगच्च भराव, म्हणजे आकार पूर्ण भरून काढणारे टाके, त्याला झेपत नाही, फ्रेममधून काढला तर गणपतीभोवती सगळीकडे चुण्या, इस्त्री फिरवूनही हटल्या नाहीत. असे चार नग गेले तेव्हा कळलं की खणाला मागून आधी फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवायचं, खाली कट-अवे स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा, नंतर कडेने कापून टाकायचा थर) घ्यायचा, फ्रेममध्ये खण ढोलासारखा ताणायचा नाही, आणि मुळात डिझाईनच रेघांचं घ्यायचं, भरावाचं नाही. आता डिजिटायझरला सांगतानाच सांगते की खणासाठी भराव मोकळा ठेवा, टाक्यांच्या ओळींमध्ये साधारण ०.५ मिलिमीटर. आणि मोठं डिझाईन मशीनवरच लहान करून काम भागवू नका, माझ्या मशीनवर तरी लहान केलं की टाके तेवढेच राहतात आणि जागा कमी होते, मग सुई तुटते. माझ्या दोन तुटल्या.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मिरर, म्हणजे डिझाईन आरशात दिसतं तसं उलटं करणं. तोरणाच्या दोन्ही टोकांना समोरासमोर मोर छान दिसतात म्हणून मी एका बाजूचं सगळंच मिरर करायचे, आणि एका ऑर्डरमध्ये मोरासोबत स्वस्तिक होतं. तोरण शिवून, पायपिंग लावून, पॅक करायला घेतलं तेव्हा सासूबाईंनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं, हे स्वस्तिक उलटं झालंय की.' पोटात गोळाच आला. दोन रात्री बसून टाके उसवले, पण खणावर सुईची भोकं राहतातच, शेवटी ते टोक नवीनच केलं. गणपतीचंही तसंच, मिरर केला की सोंड बदलते. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक असतं, त्यामुळे घरासाठी बहुतेक जणी डाव्या सोंडेचाच मागतात, आणि डावी म्हणजे गणपतीची स्वतःची डावी, आपण समोरून बघताना ती आपल्या उजवीकडे दिसते. यात माझाही गोंधळ झाला होता. आता ऑर्डर घेतानाच फोटो पाठवून 'सोंड अशीच हवी ना काकू?' विचारून घेते. बाहेरच्या साइटवरच्या गणपतीच्या डिझाईनमध्ये सोंड, मोदक, मोडलेला दात सगळं तपासून घ्या. देवाचा चेहरा बसायच्या आसनावर किंवा पायपुसण्यावर मी काढत नाही, मागितला तरी नाही, तिथे कमळ किंवा वेलबुट्टी सुचवते आणि लोकांना ते पटतं.

अक्षरांचं वेगळंच. मशीनमध्ये आयते फॉन्ट सगळे इंग्रजी, आणि विकत घेतलेल्या एका संचात 'श्री' ची वेलांटी अक्षरापासून सुटलेली आणि शिरोरेघ प्रत्येक अक्षराला वेगळी, मधे मधे फट. ज्याने केलं त्याला आपली लिपी वाचता येत नसणार. मी मग इंकस्टिच शिकले, ते इंकस्केपला जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, मराठी फॉन्टमध्ये शब्द लिहून त्याचा पाथ, म्हणजे अक्षरांच्या कडांची रेघ, करायचा आणि त्यावर टाके बसवायचे. महिना गेला शिकायला पण शिरोरेघ सलग आली तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. झब्ल्यावर बाळाचं नाव आता मीच बसवते.

नाताळचे संच बाहेरच्या साइटवर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मिळतात, पण बर्फाची माणसं आपल्याकडे कोण घेणार. वसईच्या एका ताईंनी टेबलावरच्या पट्टीसाठी चांदणी आणि गव्हाणीतला बाळ येशू मागितला होता, तेवढी एक ऑर्डर झाली, ती मात्र मनासारखी झाली.

खरी कमाई संक्रांतीत. १४ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात, वाण लुटायला एकदम ५१, ६१ नग लागतात आणि प्रत्येकीला शंभराच्या आतलंच हवं असतं. इथे मोठं डिझाईन चालतच नाही. मी ४० मिलिमीटरची पतंग घेतली, ३ हजार टाके, दोन रंग, आणि सॉफ्टवेअरमध्ये एका फ्रेमला सहा बसवल्या. रंग एकत्र केले की आधी सहाही पतंगांचा पिवळा होतो, मग सहांचा लाल, म्हणजे बारा वेळा दोरा बदलायच्या ऐवजी दोनदा. अख्ख्या कापडावर आधी काढायचं, मग पाऊच कापायचे. ६ पाऊचला ४० मिनिटं, ६० पाऊच दोन दिवसांत भरून झाले, चेन आणि अस्तर शिवायला मात्र पाच दिवस. ९० रुपयांना दिले. भाव काढताना हजार टाक्यांचा भाव धरा, जॉबवर्कवाले धरतात तसा, त्यात कापड, चेन आणि शिलाईचा वेळ मिळवा, नाहीतर मशीन चालतं आणि हातात काही राहत नाही.

संक्रांतीचं कापड काळं, तिथे बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा पांढरा दोरा वर डोकावतो. काळा बॉबिन भरा आणि स्टॅबिलायझरही काळा घ्या. बोरन्हाणाच्या झब्ल्याला आतून मऊ फ्युजिंग लावल्याशिवाय देत नाही, टाक्यांची मागची बाजू बाळाच्या अंगाला टोचते, माझ्या भाचीच्या पोटावर लाल झालेलं मी स्वतः बघितलंय. जरीचा दोरा वापरायचा असेल तर मोठ्या नेढ्याची ९० नंबरची सुई घ्या आणि स्पीड मिनिटाला ४०० टाक्यांवर ठेवा, तरी तुटतो पण कमी.

लायसन्सचं बघाच. बहुतेक डिझाईनर्स शिवलेली वस्तू विकू देतात, फाईल पुढे द्यायला मनाई असते, पण काही जण नगांची मर्यादा घालतात आणि काही फक्त घरच्या वापरासाठीच देतात. मी एका डिझाईनरला ईमेल करून विचारलं तर तिने दोन दिवसांत लेखी परवानगी दिली, तो मेल जपून ठेवलाय. ग्रुपवर फुकट फिरणाऱ्या फाईली मी घेत नाही, कोणीतरी रात्री जागून बनवलेलं असतं ते. कार्टूनची झबली मागतात त्यांनाही नाहीच म्हणते.

एम्ब्रॉयडरीच्या फाईलींचे पीईएस, डीएसटी असे प्रकार असतात, माझं मशीन पीईएस वाचतं म्हणून तीच घेते. डीएसटी पण चालते पण त्यात रंग नीट येत नाहीत, स्क्रीनवर हिरवा गणपती दिसला की घाबरू नका, सोबतच्या रंगांच्या यादीप्रमाणे दोरे लावा.

सध्या पाडव्याची गुढी मशीनवर आहे, ५ हजार टाके, चार रंग, कलशाला जरी. काल तिची एक ट्रायल खणावर काढून पाण्यात टाकलीये, खणाचा लाल रंग पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो का ते बघायचंय. सुकली की फोटो टाकते.